डावीकडं दोन बोटं

मोहर्ली,
रविवार, २ मार्च २०२५

श्रावणभाऊंस धनराजचा नमस्कार.

खुशाली विचारत नाई, कारण विचारली तर तुम्ही सांगणार नाई. दोन वरसं झाली आपलं बोलणं बंद आहे अन् ते तुम्ही बंद केलं. आमच्या घराच्या वास्तूले शेला द्यायच्या वेळी तुमच्या आधी रिसॉर्टच्या मॅनेजरचं नाव पुकारलं गेलं, एवढंच झालं होतं. तुम्ही भरल्या पंगतीतून उठले, अर्धी पुरणपोळी पत्रावळीवर ठेवली अन् अहेरीची बस धरली. ती अर्धी पोळी तुमची बहीण मले आजही ऐकवते.

तर हे पत्र मी साळ्याले लिहून नाई राह्यलो, मेकॅनिकले लिहून राह्यलो.

मी एक गाडी घेतली. जुनी आहे, परदेशी आहे, लाल आहे, अन् बटण दाबलं का तिचं छप्पर आपोआप उघडते. वरून कापड, आतून लोखंडी सांगाडा. सारं घडी होऊन मागच्या सीटामागं जाऊन बसते. पुन्हा बटण दाबलं का उठते, डोक्यावरून येते अन् समोरच्या काचेच्या वर दोन खुंट्या दोन खोबणीत बसतात. वाटलं होतं पर्यटकाइले वाघ दाखवाले कामी येईन. जंगलाच्या गेटवरच्या पोरानं वाकून गाडीचं पोट पाह्यलं अन् म्हणला, भाऊ, हिच्यातून वाघ नाई, मुंगूस दिसन. म्हणून आता ती लग्नाच्या वरातीसाठी ठेवली.

दुखणं असं आहे. छप्पर येते तं बरोबर, उजवी खुंटी बसते, डावी दोन बोटं वर राहते. मग गाडी पीं पीं करून बोंबलते. नागपूरवाला म्हणला, असे कारागीर इकडं नाईत.

दिव्यानीचं लग्न अक्षयतृतीयेले ठरलं. पोरगा प्रफुल, चंद्रपूरले शाळेवर मास्तर आहे. मी त्याच्या बापाले, गुणवंतरावाले, भर बैठकीत शब्द देऊन बसलो का पोरगी याच गाडीतून सासरी जाईन, मांडवासमोर छप्पर उघडन अन् गावाबाहेर निघाल्यावर बंद होईन. आता वाकड्या छपराची गाडी घेऊन मी चार लोकात कोणतं तोंड दाखवू?

तुमच्या बहिणीचं म्हणणं का दृष्ट लागली. पहिल्याच दिवशी तिनं समोर लिंबू-मिरची अन् बिबा बांधला होता, मी तोडून फेकला. परदेशी गाडीच्या नाकात लिंबू बरं दिसते काय? त्यावर ती तीन दिवस बोलली नाई. तुमच्या घराण्याची ती रीतच आहे.

उपाय कळवा.

धनराज


अहेरी,
८ मार्च

जवाईबुवांस श्रावणचा रामराम.

मोहर्लीच्या घराशी बोलणार नाई असं मी म्हटलं होतं. लिहिणार नाई असं म्हटलं नव्हतं. म्हणून हे पत्र. अन् पोळी अर्धी नव्हती, पाऊण खाल्ली होती. उगाच बदनामी नको.

अशी छपरं मी रग्गड पाह्यली. त्यात काई देवाघरचं नाई. डिक्कीत एक पंप असन, त्याचं तेल दोन नळ्याइनं दोन बाजूच्या दोन हातात जाते अन् ते हात छप्पर उचलतात. ट्रॅक्टर जसा मागचा नांगर उचलते, तसंच. आता जोडीतला एक बैल मागं राह्यला तर जू तिरपं होणारच. तुमचा डावा बैल मागं राहून राह्यला.

आता मी सांगतो त्याच क्रमानं करा. तुमची शहाणपणाची भर नको.

पहिले छप्पर पूर्ण घडी करून ठेवा अन् मग पंपाचं तेल पाहा. उभ्या छपरात पाह्यलं तर तेल खोटं दिसते. कमी असन तर त्याच जातीचं टाका, घरचं जवसाचं टाकू नका. मग छप्पर सावकाश उघडा, बंद करा, पुन्हा उघडा. पंप घरघरत असन तर नळ्यात हवा आहे, ती निघेपर्यंत करत राहा. मग दोन्हीकडच्या बिजागऱ्या पाहा, मागच्या सीटाजवळ, आतपर्यंत हात घालून. काडीकचरा असन तर काढा.

समोरच्या खोबणीचे बोल्ट मात्र सैल करू नका. नाचता येईना अंगण वाकडं, तसं पंपाचं पाप खोबणीवर ढकलाचं नाई.

दिव्यानीले आशीर्वाद. पत्रिका आली का पाहू. मी यायचं का नाई ते तुमच्या मॅनेजरले विचारून ठरवा.

श्रावण


मोहर्ली,
रविवार, १६ मार्च

श्रावणभाऊ, नमस्कार.

तुम्ही सांगतलं तसं केलं. तेल टाकलं, हवा काढली, अन् शुक्रवारी, धुळवडीच्या दिवशी, छप्पर असं बसलं का मी त्याच्याखाली बसून चहा पेलो. तुमचं नाव घेतलं. चांगल्या शब्दात घेतलं.

त्याच भरवशावर आज गुणवंतरावाले बोलावलं. ते होळीच्या गाठी घेऊन आले, पांढरे कपडे, डोळ्यावर काळा चष्मा. त्याईले मागच्या सीटावर बसवलं, छप्पर उघडून रिसॉर्टच्या रस्त्यानं फिरवून आणलं. मोहाच्या झाडाखाली गाडी उभी केली अन् म्हटलं, आता पाहा. बटण दाबलं. छप्पर उठलं, डोक्यावर आलं, अन् डावीकडं तीन बोटं वर राहून अडकलं. ना पुढं ना मागं. पीं पीं सुरू झालं. त्या आवाजानं झाडावरचे वांदरं खाली उतरले. त्याइले गाठी दिसल्या. एक छपरावर बसला, दोन आत शिरले, अन् एक गुणवंतरावाच्या मांडीवर बसून साखरेची गाठी कुरतडू लागला. काळा चष्मा घेऊन गेला तो वेगळाच. आता तो चष्मा मोहाच्या शेंड्यावर आहे.

गुणवंतराव सभ्य माणूस आहे. जाताना एवढंच म्हणले का लग्नात साधी जीप चालन.

मले सांगा भाऊ, शुक्रवारी बसलेलं छप्पर रविवारी काऊन नाई बसत? अन् दुसरं, तुमच्या सांगण्यावरून बिजागऱ्याइत हात घातला तं माझा डावा हात कोपरापर्यंत उतला. फोड आले, काळे डाग पडले, आग आग होते. तुमच्या तेलाचे गुण. बरं झालं जवसाचं टाकलं नाई, नाई तं हात तळून निघाला असता.

धनराज


मोहर्ली,
१९ मार्च

दादा,

तू माझ्याशीही बोलत नाई, म्हणून मीही लिहिते. वहिनी अन् तुझ्या पुनमशी फोनवर बोलणं होते, पण तू फोन मोहर्लीचा आहे म्हटलं का परसात निघून जाते म्हणे. लेकरासारखं करून राह्यला.

तुझं पत्र आलं तेव्हा हे जेवत होते. हात न धुता वाचलं. मग मले वाचून दाखवलं, मग दिव्यानीले, मग दूधवाल्याले. वरून शिव्या देतात का मोठा आला मेकॅनिक, पण पत्र सदऱ्याच्या खिशात घेऊन हिंडतात. कपडे धुताना मले दोन्ही खिसे पाहावं लागते.

अन् तू काय रग्गड छपरं पाह्यली रे? पुनमनं मले सांगतलं, तू तिचा मोबाईल घेऊन दिवसभर उघड्या गाड्याचे व्हिडिओ पाहून राह्यला. इंग्रजी समजत नाई तं आवाज बंद करून पाहते. छत्रीच्या काड्या काढून त्याचं छप्पर बनवलं अन् वहिनीची एकुलती एक छत्री मोडली. चांगलं आहे. मी याइले काई सांगतलं नाई.

एक गोष्ट नीट ऐक. दिव्यानी तोंडानं बोलत नाई, पण काल मले विचारलं, आई, मामा नाई आला तं मले मांडवात कोण आणन? गावातल्या कोण्या मामाले उभं करू, असं मी म्हटलं. ती उठून गेली. सुंभ जळला तरी पीळ जात नाई, ते तुमच्या दोघाचं झालं, पण त्यात माझ्या पोरीचं लग्न जळू नये.

तुझी मना


अहेरी,
२३ मार्च

जवाईबुवांस रामराम.

वांदराचं वाचून आमच्याकडं पुनमची आई, पुनम अन् शेजारची सोनीबाई अशा तिघी पोट धरून हसल्या. मी हसलो नाई. मी कामाचा माणूस आहे.

शुक्रवारी बसते अन् रविवारी बसत नाई, म्हणजे पंप चांगला आहे. पंप वार पाहून काम करत नाई. आता खोबणीकडं जाऊ. आधी चारही काचा खाली घ्या, नाई तं छप्पर काचेवर बसन. मग छप्पर हातानं समोर आणा, डावी खुंटी खोबणीच्या नेमकी कुठं येते ते खडूनं खूण करा. खोबणीचे दोन बोल्ट सैल करा, काढू नका, अन् केसभर सरकवा. केसभर म्हणजे केसभर, तुमच्या मिशीचा नाई, डोक्याचा. मग पुन्हा बसवून पाहा. एकदम जास्त सरकवलं तर उजवी बिघडन, अन् मग डावी-उजवी करता करता लग्न निघून जाईन.

हाताचं कळवा. फोड कुठून सुरू झाले, बोटापासून का मनगटापासून? डाग काळे आहेत म्हणता, तं कोळशासारखे का शाईसारखे? हे हसण्यावारी नेऊ नका. माझे हात सारी उमर या तेलात आहेत, त्याइले कधी काई झालं नाई.

आणि गुणवंतरावाले सांगा, जीप लागणार नाई.

श्रावण


मोहर्ली,
रविवार, ३० मार्च

श्रावणभाऊ, पाडव्याच्या शुभेच्छा.

मागच्या रविवारी पत्र टाकलं नाई, कारण टाकण्यासारखं काई नव्हतं. छप्पर बसत होतं. गुरुवारी तुमचं पत्र आलं, म्हणून तुम्ही सांगतलं तसं खोबण सरकवली. केसभरच. अन् आज पाडव्याच्या दिवशी गुढी सरळ उभी आहे अन् छप्पर वाकडं. आता डावी दोन बोटं वर आहे ती आहेच, वरून उजवीही खोबणीच्या बाहेर उतरते. आधी एक रोग होता, डॉक्टर मिळाल्यापासून दोन झाले.

हात बरा आहे. डाग शाईसारखे.

माझं डोकं आता कामातून गेलं. पंधरवड्यात काई झालं नाई तं गाडी नागपूरले पाठवून देतो. तिथी जे होईन ते होईन. मग तुमालेही पत्राची तसदी नाई अन् मलेही नाई.

पत्रिका छापून आली. सोबत पाठवली आहे. मामाकुळ वाचून घ्या. तुमचं नाव पहिलं आहे. मॅनेजरचं नाव कुठीच नाई.

धनराज


अहेरी,
५ एप्रिल

मने,

मी काई तुझ्याशी बोलून नाई राह्यलो. फक्त विचारून राह्यलो.

तुझ्या नवऱ्याची सारी पत्रं आज काढून समोर मांडली. छप्पर बिघडल्याचं हर पत्र रविवारचं. शुक्रवारपर्यंत छप्पर शहाणं असते, रविवारी वेडं होते. म्हणजे मधल्या शनिवारी त्याले काई तरी होते. आता शनिवारी आपल्या घरी काय होत होतं ते मले चांगलं ठाऊक आहे. आई दर शनिवारी बैलाच्या गळ्यात, गाडीच्या जुवाले, माझ्या सायकलीले नवं लिंबू अन् बिबा बांधत होती. तू तिचीच पोर.

अन् तो हात. आमच्या बाजारात पत्रू बिबे घेऊन येते, त्याच्या हातावर तेच डाग आहेत, शाईसारखे. तेलानं हात उतत नाई, बिब्यानं उतते. धनराजनं समोरचं लिंबू तोडलं, तं तू ते दुसरीकडं बांधलं. कुठी बांधलं तेही सांगतो. डाव्या बिजागरीच्या काखेत, मागच्या सीटाआड, जिथी पर्यटक पाहणार नाई. ताजं लिंबू असते तेव्हा छपराचा हात पूर्ण मिटत नाई अन् छप्पर वर राहते. आठवडाभराच्या उन्हानं लिंबू सुकते, छप्पर बसते. शनिवारी तू नवं बांधते.

म्हणजे एक महिना झाला, मी अहेरीतून, अन् तुझा नवरा मोहर्लीतून, दोघं मिळून एका लिंबाची दुरुस्ती करून राह्यलो.

खरं का खोटं?

श्रावण


मोहर्ली,
११ एप्रिल

दादा,

खरं.

आता ओरडू नको, ऐक. पहिल्या वेळी दृष्टीसाठीच बांधलं. लाल गाडी, सारं गाव पाहाले आलं होतं, मी काय करणार होती? त्यानं छप्पर अडते हे मले कुठी माहीत? पण मग याइनं तुले पत्र लिहिलं. तुझं उत्तर आलं. दोन वरसात जे घरात ऐकलं नव्हतं ते ऐकलं, हे एकटेच पत्र वाचता वाचता हसले.

मग एका शनिवारी मी शेजारच्या शकुबाईसंग चंद्रपूरले बस्त्याच्या साड्या पाहाले गेली. बांधायचं राहून गेलं. रविवारी छप्पर गुमान बसलं. हे सकाळपासून पेन-कागद घेऊन बसले होते. चार वेळा छप्पर उघडलं, चार वेळा बंद केलं. बसतच होतं. कागद कोराच राह्यला. मग त्या गाडीत जाऊन बसले ते दुपारपर्यंत उठले नाई, जेवाले बोलावलं तं म्हणले भूक नाई. त्या दिवशी मले समजलं का लिंबू कशाले बांधाचं असते.

त्याच्या पुढच्या शनिवारी मी बाजारातून सगळ्यात मोठं लिंबू आणलं. या उन्हाळ्यात लिंबू सोन्याच्या भावानं आहे, तरी आणलं.

छप्पर सरळ झालं तं तुमची पत्रं बंद होतील. पत्रं बंद झाली तं पुन्हा जैसे थे. मग माझ्या पोरीले मांडवात कोण आणन? म्हणून तुले सांगते, तू ये. तू आला का मी लिंबू सोडते. नाई आला तं दोन बांधन, उजवीकडंही.

याइले सांगायचं असन तं सांग. मी भीत नाई.

तुझी मना


अहेरी,
१५ एप्रिल

जवाईबुवांस रामराम.

गाडी नागपूरले पाठवू नका. हे काम पत्रानं होणारं नाई, हात लावून पाहावं लागन. लग्नाच्या आधीच्या रविवारी मी पाने अन् माप घेऊन येतो. अक्षयतृतीयेपर्यंत छप्पर लागन, ही माझी जबाबदारी.

चार गोष्टी आधीच सांगून ठेवतो. मी येईन तो कामाले. बोलणार नाई म्हटलं ते म्हटलं, त्यात बदल नाई. मले काई सांगायचं असन तं मनकर्णामार्फत सांगा. शेला-बिला देऊ नका. पंगतीत मले कोपऱ्यात बसवलं तरी चालन, पण पोळी करा.

मामाकुळ वाचलं. नावाच्या आधी ‘प्रसिद्ध यंत्रतज्ज्ञ’ हे कोणी छापलं? अहेरीत लोकं पत्रिका पाहून मले नमस्कार करून राह्यले.

श्रावण


मोहर्ली,
रविवार, ४ मे

श्रावणभाऊ, नमस्कार.

तुम्ही लग्न आटोपून निघाले अन् घर रिकामं झालं. दिव्यानीचा कालच फोन आला, खुशाल आहे. गुणवंतरावाचा डोळाही बरा आहे. ते हसून सांगत होते का लग्नात बऱ्याच लोकाच्या डोळ्यात पाणी येते, माझ्या एकट्याच्याच डोळ्यात लिंबू गेलं.

मी तुमाले जे तोंडानं सांगू शकलो नाई ते लिहितो. बसून वाचा.

तुम्ही आले, गाडीजवळ गेले, मागच्या सीटाआड हात घातला. काई सापडलं नाई. तुम्ही मनकर्णाकडं पाह्यलं, तिनं आभाळाकडं पाह्यलं. मग तुम्ही समोरची खोबण पाह्यली अन् म्हणले, ‘मने, जवाईले विचार, हे कोण्या गाढवानं सरकवलं?’ मी म्हटलं, ‘तुझ्या दादाले सांग, त्याच्याच पत्रानं.’ ती बिचारी अर्धा दिवस आपल्या दोघाच्या मध्ये उभी राहून इकडचं तिकडं सांगत राह्यली, मग हळदीचं काम आहे म्हणून निघून गेली. त्यावर तुम्ही गाडीशी बोलू लागले. ‘चल, आता वर ये,’ असं तुम्ही गाडीले म्हणाचे अन् मी बटण दाबाचो. ‘थांब बाई,’ म्हणले का मी बोट काढाचो. खडूच्या खुणा केल्या, बोल्ट सैल केले, केसभर सरकवलं, पुन्हा पाह्यलं, पुन्हा सरकवलं. उजवी बसली का डावी रुसायची, डावी बसली का उजवी. शेवटी तुम्ही दोन्ही खुंट्याइले काजळ लावलं अन् खोबणीत डाग कुठी पडते ते पाहून नेमकं लावलं. लग्नाच्या आदल्या दिवशी दोन्ही खुंट्या एकदम बसल्या, टक्. आपण दोघं एकमेकाकडं न पाहता हसलो.

आता ती गोष्ट.

भाऊ, मोहर्लीत जन्मलो मी. मोह वेचले, तेंदू तोडला. हातावर शाईसारखे डाग पडले अन् मले बिबा समजला नाई, असं तुमाले खरंच वाटलं? वांदरं गेल्यावर त्याच दिवशी बिजागरीत हात घातला तं लिंबू हाती लागलं. काढलं. फेकणारही होतो. मग ध्यानात आलं का हे फेकलं तं पुढच्या रविवारी तुमाले काय लिहू. जिथं होतं तिथंच ठेवून दिलं अन् घरात येऊन हात तेलानं उतला म्हणून लिहिलं.

पुढच्या शनिवारी तुमची बहीण चंद्रपूरले गेली अन् लिंबू बांधाचं विसरली. छप्पर बसलं. मी दिवसभर कोरा कागद घेऊन बसलो. मग तुमचं पत्र आल्याबरोबर, चांगली बसलेली खोबण मीच सरकवली. खोट्या दुखण्याले खरं इंजेक्शन टोचून घेतलं. नागपूरची धमकी छपरासाठी नव्हती, तुमच्यासाठी होती. मले वाटलं नव्हतं का ती लागन. त्यातही तीन दिवस काम करावं लागलं ते माझ्यामुळं, म्हणून माफ करा. पण ते तीन दिवस मी पुन्हा मागितले तं देतील काय कोणी?

मनकर्णाले यातलं काई सांगू नका. तिले वाटते का साऱ्या मोहर्लीत ती एकटीच हुशार आहे.

मांडवात तुम्ही दिव्यानीचा हात धरून आले तेव्हा मी मुद्दाम मंगलाष्टकं म्हणणाऱ्याकडं पाहत होतो. तुमच्याकडं पाह्यलं असतं तं पोरीचा बाप पोरीच्या आधी रडला असता. शेला देताना पहिलं नाव तुमचं पुकारलं, माईकवर पुकारलं. तुम्ही घेतला, अन् सवयीनं त्यालेच हात पुसले. तो काळा डाग निघत नाई म्हणे. नका काढू.

अन् पाठवणीले आभाळ आलं. छप्पर उघडं, नवरा-नवरी मागं, गुणवंतराव समोर, अन् वैशाखात टपोरे थेंब. मी बटण दाबलं. छप्पर उठलं, आलं, अन् डावीकडं दोन बोटं वर. तुमच्या बहिणीनं लेक सासरी चालली म्हणून दृष्टीचं बांधलंच होतं, अन् हाताले सवय तिथंच बांधाची. पीं पीं सुरू झालं. सारी वरात पाहत होती. दिव्यानी भिजत होती. मी डाव्या कोपऱ्यावर दोन्ही हात ठेवले, एकट्याच्यानं हलेना. मग बाजूनं तुमचे दोन हात आले, अन् तुम्ही माझ्याकडं पाहून, मनकर्णाले नाई, गाडीले नाई, मले म्हणले,

‘धनराज, दाब!’

दाबलं. लिंबू फुटलं, रस गुणवंतरावाच्या डोळ्यात गेला, बिबा उडून बँडवाल्याच्या तुतारीत, अन् छप्पर बसलं. टक्. दोन वरसानंतर तुमच्या तोंडून मले निघालेला तो पहिला शब्द. तेव्हापासून बस सुटेपर्यंत तुम्ही बोलायचे थांबले नाई, ते वेगळं. एवढं बोलता हे मी विसरूनच गेलो होतो.

लिंबू आता गाडीच्या समोर बांधलं आहे, नाकात. पर्यटकाइले फोटो काढू द्या.

आता आपलं बोलणं सुरू झालं, फोनही सुरू झाला, म्हणजे पत्राचं तसं काई काम नाई. पण आज रविवार आहे. सकाळी छप्पर चार वेळा उघडलं, चार वेळा बंद केलं, चारही वेळा नीट बसलं. तरी पेन घेऊन बसलो.

तुमचा धनराज